राजाच्या ताटापुढचा चकोर

मित्रांनो, मी एक म्हातारा चकोर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी चांदणे पीत नाही. ही अफवा कुणी उठवली कोण जाणे, पण तिने मला जन्मभर छळले. पाटलिपुत्राच्या राजवाड्यात नवा नोकर आला की माझ्या पिंजऱ्यापाशी थांबून हमखास विचारायचा, "काय हो, आज अमावास्या. मग उपास का?" अरे बाबांनो, मी तांदळाच्या कण्या खातो, कोवळे गवत खातो, किडे मिळाले तर फारच उत्तम. चांदण्याने पोट भरत असते, तर राजाच्या स्वयंपाकघरात नोकरी कशाला धरली असती?

नोकरीच ती. काम होते बघण्याचे, आणि ते मी मन लावून केले.

माझा जन्म उत्तरेकडच्या डोंगरातला. आईने दगडांच्या कपारीत अंडी घातली होती. आम्हा भावंडांना पंख फुटतात न फुटतात तोच एका पारध्याने आम्हाला टोपलीत भरले आणि खाली नदीकाठी आणून विकले. पुढचा प्रवास धान्याच्या होडीतून झाला. गंगेवरून राजधानीकडे अशा होड्यांची रांग लागलेली असायची. साळीची पोती, मुगाची पोती, गुळाच्या ढेपा, मधाचे बुधले, आणि या सगळ्यांच्या वर आमची टोपली. वाटेत ऊन लागले, पावसाची सर आली, आणि भावंडे एकेक करून गेली. पाटलिपुत्राच्या घाटाला होडी लागली तेव्हा टोपलीत मी एकटाच होतो. मला फार वाईट वाटले. पण त्याच वेळी मी मनाशी ठरवले, की एवढ्या लांब आलो आहे, तर आता मरायचे नाही.

राजाच्या स्वयंपाकघराला तिथे महानस म्हणत. पहाटेपासून चुली पेटायच्या. कुणी साळ कांडतो आहे, कुणी पिंपळी वाटतो आहे, कुणी हत्तींचा भात आधी की राणीसाहेबांची खीर आधी यावरून भांडतो आहे, असा नुसता गोंधळ. शेजारीच कोठार होते. त्यातला अर्धा भाग दुष्काळासाठी मोहोरबंद ठेवायचा, त्यातले जुने धान्य वेळच्या वेळी काढायचे आणि तेवढेच नवे भरायचे, अशी रीत होती. त्या जुन्या तांदळाच्या कण्या माझ्या वाट्याला यायच्या. चवीला बऱ्या असायच्या.

आता माझे काम सांगतो. राजाला विष घालायला टपलेली माणसे कुठल्याही राज्यात असतातच. म्हणून ताट आत जाण्याआधी त्याची परीक्षा व्हायची. पहिला घास आचाऱ्याने स्वतः खायचा. मग एक घास विस्तवात टाकायचा. ज्वाळ निळी झाली किंवा तडतडली, की संशय आला. आणि शेवटी थोडे अन्न पानावर वाढून माझ्यापुढे ठेवायचे. आम्हा चकोरांचे डोळे लालभडक असतात. विष दिसले की त्यांचा रंग उतरतो, अशी तिथे लहानथोरांची पक्की खात्री होती. ती खरी की खोटी हे मला विचारू नका. मी इतकी वर्षे ताटे बघितली, त्यात विष एकदाही आले नाही.

मला या कामासाठी तयार केले उप्पलेने. ती महानसातल्या पक्ष्यांची राखण करणारी बाई. अंगाने काटकुळी, बोलायला फटकळ, पण तिचा हात मऊ होता. अन्नाकडे बघायचे, चोच लावायची नाही, हा तिचा पहिला धडा. चोच जरा पुढे गेली की ती बोटाने टिचकी मारायची. चार टिचक्या खाल्ल्यावर मी शहाणा झालो. मी पानाकडे टक लावून बघायचो, ती माझ्या डोळ्यांत बघायची आणि मोठ्याने ओरडायची, "रंग कायम!" मग ताट आत जायचे. ती ओरडल्याशिवाय महाराजांनासुद्धा जेवता येत नसे. मला त्याचा थोडा गर्व होता, हे कबूल करायला हवे.

आणि आचारी होता सोणक. आडवा, घामट, तोंडाचा पट्टा सतत चालू. राजवाड्याच्या दप्तरी माझे नाव लोहिताक्ष होते. सोणकाने पहिल्याच दिवशी त्याचे लोह्या केले.

"काय लोह्या, कसं झालंय वरण?" पान ठेवता ठेवता तो विचारायचा. "जन्मभर नुसता बघतोस मेल्या. एकदा खाऊन तरी बघ!"

"सोणकदादा, त्याला बिघडवू नका," उप्पला म्हणायची. "तो राजाच्या कामावर आहे."

"आणि मी काय मामाच्या घरी आलोय?"

"मामाच्या घरी एवढं पोट सुटलं नसतं तुमचं."

असे रोज चालायचे. रोज भांडायचे आणि रोज दुपारी चुलीमागे बसून एकाच भांड्यातला भात खायचे. मधून मधून सोणक मलाही दोन शिते टाकायचा, उप्पलेचे लक्ष नसेल तेव्हा. ती शिते बिनमिठाची असत. मी ती खात असे. कामाच्या वेळी मात्र कधी चोच लावली नाही. एका मोठ्या सणाला महाराजांनी खूष होऊन माझ्या पायात चांदीचा वाळा घालायला सांगितला. त्या दिवशी सोणक मला म्हणाला, "तुझी मजा आहे बाबा. बघण्याबद्दल दागिने मिळतात. रांधण्याबद्दल नुसती बोलणी मिळतात."

अशी वर्षे गेली. मग एका हिवाळ्यात मला वाटायला लागले, की हल्ली स्वयंपाकघरात धूर फार होतो. सोणक समोर आला तरी त्याचा आकार तेवढा कळायचा. धूर चुलीतला नव्हता, माझ्या डोळ्यांत सायीसारखे काहीतरी धरत होते, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगले. उप्पलेला ते आधीच कळले होते. एका सकाळी तिने मला उजेडात धरले, बराच वेळ बघितले आणि पिंजरा खिडकीपासून हलवून कोपऱ्यातल्या सावलीत ठेवला. ताट आले की पूर्वीपेक्षा मोठ्याने ओरडली, "रंग कायम!"

ती का लपवत होती, ते सांगतो. आमच्याबरोबर एक क्रौंच पक्षी होता, तोही परीक्षेच्या कामाचा. म्हातारा झाला, पाय थरथरायला लागले, तेव्हा त्याचा रस्सा करून नोकरांच्या पंगतीत वाढला. राजाच्या स्वयंपाकघरात काही वाया घालवत नाहीत. क्रौंचाने इतकी वर्षे चाकरी केली, याचा कुणी उल्लेखही केला नाही. उप्पला त्या दिवशी जेवली नव्हती.

महानसाचा अधिकारी होता गोभूती. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला हटून बसणारा होता. त्या सुमारास सीमेवरच्या कुठल्याशा सरदाराला जेवणातून विष घातल्याची बातमी आली आणि गोभूतीची झोप उडाली. परीक्षा आता आपण स्वतः बघायची, असे त्याने ठरवले. दुसऱ्याच दिवशी तो सकाळच्या ताटाला येऊन उभा राहिला. बरोबर विषवैद्य जोतिपालही होता, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा.

त्या दिवशी लाकडे ओली होती. होडीतच भिजून आली होती. सोणकाने घास खाल्ला, दुसरा विस्तवात टाकला, आणि ओले लाकूड फाडकन तडतडले.

गोभूतीच्या भुवया वर गेल्या. "चकोर आण. कोपऱ्यात नको, इकडे दारात आण. उजेडात."

उप्पला पिंजऱ्याची कडी चाचपत राहिली. शेवटी गोभूतीने स्वतः पिंजरा उचलला, मला बाहेर काढून चौरंगावर ठेवले, पुढे पान मांडले आणि माझ्या डोळ्यांत वाकून बघितले.

"रंग उतरलाय," तो म्हणाला.

कांडणारे, वाटणारे, सगळे हातातले काम टाकून दाराशी जमले.

मित्रांनो, विष घालणाऱ्याला कसे ओळखायचे, याचा तिथे एक नियम होता. त्याला घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, हात कापतात आणि तो एका जागी स्थिर उभा राहू शकत नाही. गोभूतीने वळून सोणकाकडे पाहिले.

"तुला एवढा घाम का आलाय?"

"धनी, पहाटेपासून चुलीपुढं उभा आहे. घाम नाही येणार तर काय थंडी वाजणार?"

"जीभ का अडखळते मग? आणि हात का कापतात?"

"विष घालणाऱ्याला तुम्ही गंगेत बुडवता. मग माझ्या हातांनी आता काय टाळ्या वाजवायच्या?"

खरेच, तिथे त्या गुन्ह्याला तीच शिक्षा होती. सोणकाने कपाळ पुसले, तसा त्याला आणखी घाम आला.

"मी स्वतः घास खाल्लाय, धनी! सगळ्यांदेखत!"

"आधी उतारा घेतला असशील."

"द्या ते ताट, सगळं खाऊन दाखवतो."

"उतारा घेतलेला माणूस चार ताटं खाईल. त्यानं काय कळणार?"

तेव्हा उप्पला पुढे आली. तिने हात जोडले होते, पण आवाज कापत नव्हता. "धनी, रंग आज उतरलेला नाही. याचे डोळे हिवाळ्यापासून गेलेत. म्हातारपणानं. मी लपवून ठेवलं. मी रोज खोटं ओरडत होते. चूक माझी आहे, दादाची नाही."

"रोज खोटं ओरडत होतीस?" गोभूती म्हणाला. "मग आज तरी खरं बोलतेयस कशावरून? आणि रोज याच्याच हातचा भात खातेस तू. याला वाचवायला काहीही सांगशील."

दोन पहारेकऱ्यांनी सोणकाला धरले आणि दाराजवळच्या खांबाला बांधले.

मी चौरंगावर उभा होतो. मला बोलता येत नाही. पण मला एवढे लख्ख समजले होते, की माझे डोळे या माणसाचा जीव घेताहेत. मला दोन शिते चोरून देणारा हा माणूस, आणि माझ्यामुळे बुडणार! मला असा संताप आला म्हणून सांगू! गोभूतीचा आला, लाकडांचा आला, त्या चांदण्याच्या अफवेचासुद्धा आला, कारण माणसांना आमच्याबद्दल काहीही खरे वाटते. पान समोरच होते. साळीचा भात, त्यावर मुगाचे वरण, पिंपळी सढळ हाताने घातलेली. मी चोच पुढे केली.

उप्पलेचे बोट सवयीने टिचकी मारायला वर आले आणि तसेच थांबले.

मी खाल्ले. भराभरा खाल्ले. तोंडात आग झाली तरी खाल्ले. पान स्वच्छ होईपर्यंत मान वर केली नाही. कुणीतरी मला धरायला धावले, तेव्हा जोतिपाल पहिल्यांदा बोलला.

"थांबा. खाऊ द्या त्याला. एवढ्याशा जिवाला विष झेपायचं नाही, आणि त्याला कुणी उतारा पाजलेला नाही. सूर्य मावळेपर्यंत हा पायावर उभा राहिला, तर अन्न स्वच्छ. बसला, लवंडला, डोळे मिटले, तर समजून चाला."

"पाणी तरी पाजू का?" उप्पलेने विचारले.

"पाणी नाही," गोभूती म्हणाला. "पाण्यातून काय पाजशील ते मला कळायचं नाही."

आता तुम्हाला वाटेल, नुसते उभे राहायचे, त्यात काय मोठे? अहो, मी म्हातारा पक्षी. दुपारी डोके पंखात घालून झोपायची मला कित्येक वर्षांची सवय. त्यात पोटाला तडस लागलेली, मिठाने घशाला कोरड पडलेली, बाहेर ऊन. जरा डोळा लागला तरी लोक म्हणणार, विष चढले. सोणकाचा जीव माझ्या दोन काड्यांएवढ्या पायांवर टांगलेला होता. मी नखे चौरंगात रोवली आणि ठरवले, की पाय मोडले तरी बसायचे नाही.

दुपार चढली. माझी मान खाली जाऊ लागली. खांबाला बांधलेला सोणक ते बघत होता.

"ए लोह्या! झोपतोस काय ढिम्म पक्ष्या? डुलकी काढलीस तर दोघंही गेलो. मी पाण्यात आणि तू रश्श्यात!"

मी मान वर केली. थोड्या वेळाने ती पुन्हा जड झाली.

"अरे, ऐक. मूग आधी तुपावर परतायचे. परतल्याशिवाय पाणी घातलं की चिकट होतात. ऐकतोयस का? गाढवा, तुला शिकवतोय. आणि पिंपळी शेवटी. आज जरा जास्त पडली माझ्या हातून, तुझ्या घशात आग झाली असेल, माफ कर बाबा."

पहारेकरीसुद्धा हसायला लागले. सोणक मात्र हसत नव्हता. तो बोलतच राहिला. खीर कशी आटवायची, मांस डाळिंबाच्या रसात किती वेळ ठेवायचे, हत्तींच्या भाताला खालून करप का लागते. बांधलेल्या माणसाने, मरणाच्या दारात, मला सगळे स्वयंपाकघर शिकवले. त्याचा आवाज बसला, तेव्हा उप्पलेने पुढचे सांगायला घेतले. तिला रांधता येत नव्हते. ती चुकीचे सांगायची आणि सोणक घोगऱ्या आवाजात तिला दुरुस्त करायचा.

उन्हे कलली तेव्हा माझे पाय थरथरू लागले. गोभूती वाकला. "लटपटतोय हा."

"म्हातारा आहे," जोतिपाल म्हणाला.

थरथर दिसू नये म्हणून मी चालायला सुरुवात केली. चौरंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. कडा दिसत नव्हत्या, त्या नखांनी चाचपून घेतल्या. एकदा तोल गेला, पंख पसरून सावरला. आणि मग माझ्या नकळत माझ्या गळ्यातून आवाज फुटला, चक्, चक्, चकर्र! डोंगरातले चकोर संध्याकाळी असे एकमेकांना हाका घालतात. इतकी वर्षे मी गप्प राहून काम केले होते, हा आवाज माझ्याजवळ आहे हेच मी विसरलो होतो. आता थांबेना. मी चालत होतो आणि ओरडत होतो. नगरवेशीवरचा संध्याकाळचा शंख वाजला तरी मी चालतच होतो.

जोतिपालाने मला हातात घेतले. छातीवर बोट ठेवून बघितले, पापणी वर केली, दुसऱ्या डोळ्याची केली.

"अन्न स्वच्छ आहे. हा धडधाकट आहे. डोळे वयामुळे गेलेत. बाई खरं बोलत होती."

सोणकाचे दोर सोडले. तो मटकन खाली बसला आणि मोठ्याने रडला, लाजला नाही. उप्पलेने माझ्या चोचीला पाण्याचा द्रोण लावला. ते पाणी मी अजून विसरलेलो नाही.

गोभूतीने उपरण्याने तोंड पुसले. त्यालाही सुटल्यासारखे वाटले असावे. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे हा आता कामाचा राहिला नाही. सोणका, उद्या नोकरांच्या रश्श्यात घाल याला."

मित्रांनो, तेव्हा माझ्या ध्यानात आले, की दिवसभर उभे राहून मी काय काय सिद्ध केले. अन्न निर्दोष आहे हे केले, आणि मी निकामी आहे हेही केले. मला वाईट वाटले, पण पस्तावा झाला नाही. खरेच नाही झाला.

सोणक उठला. हातापायांवर दोराचे वळ होते.

"नाही घालणार, धनी."

"काय म्हणालास?"

"सकाळी या अन्नावर तुम्हालाच संशय होता. संशयाचं अन्न ज्याच्या पोटात गेलं, तो पक्षी मी राजवाड्याच्या भांड्यात घालू? उद्या एखाद्या नोकराच्या पोटात दुखलं, की तुम्ही परत माझा घाम बघायला येणार. ते जमायचं नाही. दुसरा आचारी बघा."

"मग दुसरा घालेल."

गोभूतीने मागे पाहिले. तिथे उभ्या असलेल्या आचाऱ्यांनी एकेक करून आपापल्या पळ्या खाली ठेवल्या. उद्याच्या सकाळी महाराजांचे ताट होते, राणीसाहेबांचे होते, हत्तींचा भात होता. गोभूती नियमाचा माणूस होता, पण मूर्ख नव्हता.

"कोठाराच्या ओसरीवर ठेवा त्याला," तो पाठ फिरवत म्हणाला. "आणि उप्पले, यापुढे पक्ष्याचे डोळे रोज सकाळी वैद्य बघेल. तू नाही."

त्याच ओसरीवरून मी हे सांगतो आहे. आता काहीच दिसत नाही. नवा तरुण चकोर आला आहे, त्याचे डोळे फार सुंदर लाल आहेत म्हणे. त्याचे डोळे गेले तर त्यालाही माझ्याशेजारी आणून ठेवायचे, असे ठरले आहे, त्यामुळे सकाळी वैद्याने डोळे तपासल्यावर ताटापुढे उप्पला आता खरे तेच ओरडते. सोणक दुपारी धापा टाकत येतो आणि माझ्याशेजारी बसून गोभूतीला शिव्या देतो.

मी एक पक्षी, मोठ्या गोष्टी मला सांगता येत नाहीत. पण मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी म्हातारे माणूस असेल, गोठ्यात म्हातारे जनावर असेल. त्यांना नीट सांभाळा. ते थकले हे उघडपणे म्हणता यावे, अशी जागा त्यांना द्या. आमच्याकडे तशी जागा नव्हती, म्हणून माझ्यावर माया करणाऱ्या बाईला खोटे बोलावे लागले, आणि त्या खोट्यापायी एक निरपराध माणूस दिवसभर खांबाला बांधलेला राहिला.